कीथ काय म्हणाला

ऑफिसात मुकुल फालकच्या नकला प्रसिद्ध होत्या. सिंगापूरच्या पाया लेबार भागातल्या त्या इमारतीत, अकराव्या मजल्यावर, जेवणानंतर कोणी ना कोणी म्हणायचंच, "मुकुल, तो सिडनीवाला कर ना." आणि मुकुल करायचा. एरवी माणूस गंभीर. वय एक्केचाळीस, हुद्दा प्रोजेक्ट मॅनेजर. कंपनीचं काम दवाखान्यांच्या आणि प्रयोगशाळांच्या फ्रीझरवर नजर ठेवण्याचं. आतलं तापमान वाढलं की कोणाचा तरी फोन वाजला पाहिजे, आणि त्या कोणीतरी उठून जाऊन बघितलं पाहिजे, एवढंच. पण त्या एवढ्यावर लोकांची तीन-तीन वर्षांची कामं अवलंबून असायची.

आजवर हे काम प्रत्येक फ्रीझरशेजारी भिंतीवर लावलेला एक करडा बॉक्स करत होता. तापमान वाढलं की तो स्वतःच फोन लावायचा. बॉक्स जुने झाले होते, सुटे भाग मिळत नव्हते. म्हणून कंपनीनं इंग्लंडमधल्या एका कंपनीची नवी यंत्रणा घ्यायचं ठरवलं. यात सगळे आकडे इंटरनेटवरून इंग्लंडमधल्या सर्व्हरला जायचे आणि गडबड दिसली की तिथून इथल्या माणसाला मेसेज यायचा. पहिलं गिऱ्हाईक डॉक्टर लिम यांची प्रयोगशाळा. मधुमेहाच्या रुग्णांची मूत्रपिंडं कशी आणि कधी बिघडतात याचा त्या अभ्यास करत होत्या. सहा फ्रीझर, सहा करडे बॉक्स.

इंग्लंडच्या बाजूनं दोन माणसं होती. दर गुरुवारी, इथले दुपारचे चार आणि तिथले सकाळचे नऊ, असा व्हिडिओ कॉल व्हायचा.

एक ज्यूलियन. लंडनच्या दक्षिणेकडचा. त्याचा प्रत्येक शब्द सुटा आणि स्वच्छ यायचा. वाक्य जिथे संपायला हवं तिथेच संपायचं. मुकुलची बॉस ऑड्री सिंगापूरची, तिचं सगळं शिक्षण इंग्रजीत झालेलं, तीसुद्धा पहिल्या कॉलनंतर म्हणाली, "ह्याला म्हणतात इंग्लिश." ज्यूलियनचं काम खरं तर विक्रीचं होतं. यंत्रणा आतून कशी चालते ते त्याला फारसं माहीत नव्हतं. पण तो काहीही म्हणाला की ते तपासून घेतल्यासारखं वाटायचं.

दुसरा कीथ. न्यूकॅसलच्या बाजूचा, टाइन नदी समुद्राला मिळते तिथल्या साउथ शील्ड्स गावचा. वय अठ्ठावन्न. तो कॅमेरा लावायचा नाही. त्याचं बोलणं सुरुवातीपासूनच वर चढायचं आणि वाक्य संपलं तरी खाली उतरायचं नाही, त्यामुळे तो सांगतोय की विचारतोय हेच कळायचं नाही. 'वर्क'ला तो 'वॉर्क' म्हणायचा, 'नर्स'ला 'नॉर्स'. मधूनच एखादा शब्द असा यायचा की तो इंग्रजी आहे की नाही याचीच शंका यावी. ऑड्रीनं त्याला पहिल्याच दिवशी तारा जोडणारा माणूस ठरवून टाकलं. मुकुललाही तसंच वाटलं. दोघांपैकी कोणीही तसं विचारलं नव्हतं, कोणी सांगितलंही नव्हतं.

दुसऱ्या कॉलनंतर मुकुलला कीथ जमला. तो सूर, ती घाई, मधूनच येणारं ते 'मॅन'. ऑड्री इतकी हसली की तिनं चष्मा काढून डोळे पुसले.

नऊ ऑक्टोबरच्या कॉलमध्ये जुने बॉक्स बंद करायची तारीख ठरवायची होती. इकडून मुकुल होता आणि अनुया होती. अनुया ठाण्याची, सव्वीस वर्षांची, वर्षभरापूर्वीच सिंगापूरला आलेली. मीटिंगची मिनिट्स लिहायचं काम तिच्याकडे होतं. दिवाळीनंतरचा शुक्रवार, म्हणजे चोवीस ऑक्टोबर, असं मुकुलनं सुचवलं. ज्यूलियन म्हणाला, "उत्तम."

तेवढ्यात कीथ काहीतरी म्हणाला.

"सॉरी?" मुकुल म्हणाला.

कीथनं पुन्हा सांगितलं. या वेळी आवाज मोठा होता आणि वेग जास्त. मुकुलला ऐकू आलं ते असं: डिफरंट, टॉर्न, ऑड बॉक्स, ऑफ, आणि सगळ्यात शेवटी बॅक. मधलं काही कळलं नाही.

तिसऱ्यांदा विचारायचं मुकुलच्या जिवावर आलं. एकदा 'सॉरी' म्हणणं ठीक असतं. दुसऱ्यांदा म्हटलं की समोरच्याचा अपमान, आणि तिसऱ्यांदा म्हटलं की आपला, असा त्याचा सिंगापूरमधल्या नऊ वर्षांचा अनुभव होता. आणि कीथच्या जागी ज्यूलियन असता तर मुकुलनं नक्कीच विचारलं असतं, हेही तितकंच खरं. तारा जोडणाऱ्या माणसाचं एखादं वाक्य राहिलं तर काय बिघडतं?

ज्यूलियन मध्ये पडला. "कीथ जरा जास्तच काळजी करतो," तो हसत म्हणाला. "त्याचे मुद्दे मी नंतर लिहून पाठवतो."

"नोटेड," मुकुल म्हणाला.

ज्यूलियनचा ई-मेल दुसऱ्या दिवशी आला. त्यात आठ मुद्दे होते. कीथचा एकही नव्हता. मुकुलच्या ते लक्षात आलं नाही, कारण काय नाही ते कळायला काय असायला हवं होतं ते माहीत असावं लागतं.

अनुयानं मात्र मिनिट्सच्या शेवटी एक ओळ लिहिली होती. 'विषम क्रमांकाचे बॉक्स बंद करायची पद्धत वेगळी आहे का? कीथना विचारणे.' मुकुलनं मिनिट्स पाठवण्याआधी वाचली. त्या ओळीला काही अर्थ नव्हता. बॉक्स एक, तीन, पाच वेगळे असायचं कारणच नव्हतं. गिऱ्हाईकाकडे जाणाऱ्या कागदावर प्रश्नचिन्ह बरं दिसत नाही, म्हणून त्यानं ती ओळ खोडली आणि मिनिट्स पाठवून दिली.

त्या दिवाळीत मुकुलच्या बिशानमधल्या फ्लॅटवर चार कुटुंबं फराळाला जमली होती. चिवडा आणि शंकरपाळ्यांच्या डब्यांमध्ये बसून मुकुलनं कीथ करून दाखवला. मुलंसुद्धा हसली.

चोवीस तारखेला, ठरल्याप्रमाणे, सहाही करडे बॉक्स बंद झाले.

*

सव्वीस ऑक्टोबरला, रविवारी, इंग्लंडमधली घड्याळं हिवाळ्यासाठी एक तास मागे गेली. तिथे ती पहाटे जातात. सिंगापूरमध्ये तेव्हा सकाळचे नऊ वाजले होते. सिंगापूरची घड्याळं कधीच मागेपुढे होत नाहीत, त्यामुळे इथे कोणाच्या डोक्यात ती गोष्ट येण्याचं कारण नव्हतं.

सर्व्हरच्या घड्याळात मात्र तोच तास दुसऱ्यांदा सुरू झाला. येणारे आकडे त्याला आधीच येऊन गेलेल्या वेळेचे वाटले, म्हणून तो ते टाकून देत राहिला. तासभर आकडेच नाहीत म्हटल्यावर, फ्रीझर दुरुस्तीसाठी बंद असतील असं त्यानं गृहीत धरलं आणि सहाही फ्रीझरवरची नजर काढून घेतली. कोणीतरी हातानं चालू करेपर्यंत ती पुन्हा सुरू होणार नव्हती.

त्याच दिवशी, साडेअकराच्या सुमाराला, चार नंबरच्या फ्रीझरचा कॉम्प्रेसर बंद पडला. फ्रीझर आपला बंद खोलीत पीप-पीप करत राहिला. ऐकायला कोणी नव्हतं. सोमवारी सकाळी आठला प्रयोगशाळेतल्या मुलीनं दार उघडलं तेव्हा आतल्या नळ्यांमधलं रक्त वितळून हलत होतं.

एकशे अठरा रुग्णांच्या तीनशे सेहेचाळीस नळ्या. डॉक्टर लिम फोनवर ओरडल्या नाहीत. त्यांनी मुकुलला आकडा सांगितला आणि म्हणाल्या, "ह्यातल्या निम्म्या तीन वर्षांपूर्वी घेतलेल्या आहेत. तीन वर्षांपूर्वीचं रक्त मी आज कसं घेणार?"

मुकुलनं तो आकडा लिहून घेतला.

ऑड्रीनं त्याला शुक्रवारपर्यंत अहवाल द्यायला सांगितलं. काय झालं, कसं झालं, कोणी काय सांगितलं होतं. सगळे कॉल रेकॉर्ड केलेले होते. मंगळवारी दुपारी मुकुल आणि अनुया एका छोट्या मीटिंग रूममध्ये बसले आणि नऊ तारखेचा कॉल ऐकायला लागले.

कॉम्प्युटरनं स्वतःहून लिहून काढलेला मजकूरही सोबत होता. कीथच्या वाक्याशी त्यानं लिहिलं होतं: डिफरंट टर्न द ऑड बॉक्स ऑफ. म्हणजे अनुयानं ऐकलं होतं तेच.

त्यांनी ते वाक्य सात-आठ वेळा ऐकलं. शेवटी अनुया म्हणाली, "मुकुल, हे 'क्लॉक्स' आहे. 'बॅक'च्या आधी. ऐका तुम्ही."

मुकुलनं ऐकलं. क्लॉक्स होतं.

अनुयानं मिनिट्सची फाईल उघडली. मग अनुयानं हळूच विचारलं, "मी मिनिट्समध्ये एक प्रश्न लिहिला होता. पाठवलेल्या कॉपीत तो नाहीये. माझ्याकडून सेव्ह करायचं राहिलं का?"

"नाही," मुकुल म्हणाला. "मी काढला."

ती मान हलवून पुन्हा स्क्रीनकडे बघायला लागली.

*

बुधवारी चार वाजता मुकुलनं कीथच्या मोबाईलवर फोन केला. ज्यूलियनला न कळवता. नंबर यंत्रणेच्या जुन्या माहितीपत्रकाच्या शेवटच्या पानावर होता, आणि त्याच पानावर यंत्रणा बनवणाऱ्यांची चार नावं होती. पहिलं कीथचं होतं. मुकुलनं ते नाव दोनदा वाचलं आणि मगच फोन लावला.

आपण कोण ते सांगून तो म्हणाला, "नऊ तारखेला तुम्ही काय म्हणाला होतात, ते मला पुन्हा सांगाल? सावकाश. मला तेव्हा कळलं नव्हतं."

"जुना बॉक्स बंद करू नका म्हणालो. घड्याळं मागे जाईपर्यंत तरी नको."

"तुम्ही 'डिफरंट' असं काहीतरी म्हणालात."

"डिफरंट?" कीथ म्हणाला. "डिव्हंट. डिव्हंट म्हणालो मी. डोन्ट. आमच्याकडे तसं म्हणतात. रागावलो की तोंडून तेच येतं."

"आणि ऑड बॉक्स?"

"आड. म्हणजे ओल्ड. जुना." त्यानं विचारलं, "तुम्हाला काय वाटलं?"

"विषम नंबरचे."

"विषम नंबरचे," कीथ म्हणाला. तो हसेल असं मुकुलला वाटलं होतं. तो हसला नाही. पलीकडे केटलचं बटण पडल्याचा आवाज आला.

मग कीथनं सगळं सांगितलं. मागच्या वर्षी दुसऱ्या एका ठिकाणच्या नोंदी बघताना ही घड्याळाची भानगड त्याला सापडली होती. तिथे त्या दिवशी काही बिघडलं नव्हतं म्हणून कोणाच्या लक्षात आलं नाही. दुरुस्ती डिसेंबरमध्ये व्हायची होती. तोवर जुने बॉक्स चालू ठेवले की काम भागत होतं.

"मग तुम्ही मेल का नाही केलीत?" मुकुलच्या आवाजात नको असतानाही धार आली.

"ज्यूलियन म्हणाला तो करेल. आणि तुम्ही 'नोटेड' म्हणालात. मला वाटलं, संपलं, ह्याला समजलं." पलीकडे कपात पाणी ओतल्याचा आवाज आला. "आता विचारलंत म्हणून सांगतो. तुमचं इंग्लिश ऐकून मला वाटलं, तुम्ही मोठ्या शाळेतले. आमच्या दक्षिणेकडच्या ऑफिसातले साहेब बोलतात तसे. त्या लोकांना एक गोष्ट दोनदा सांगितली की राग येतो. तिसऱ्यांदा सांगायच्या फंदात मी पडत नाही."

मुकुल कसला मोठ्या शाळेतला. तो फैजपूरचा. दहावीपर्यंत मराठी शाळेत शिकलेला. वडिलांची केळीची बाग. पुण्यात पहिल्या नोकरीच्या पहिल्या आठवड्यात, रात्रभर जागलेल्या मित्राला तो सगळ्यांसमोर म्हणाला होता, "तुझे डोये लाल झाले." टेबलाभोवतीच्या सगळ्यांनी आठवडाभर त्याला 'डोये' म्हणून हाक मारली. त्यानंतर सहा महिने खोलीचं दार लावून तो 'ळ' आणि 'ण' घोटत बसायचा. आधी मराठी बदललं, मग त्याच चिकाटीनं इंग्रजी. दुसऱ्याचं बोलणं कानात धरून ठेवायची सवय त्याला तिथे लागली, आणि पुढे त्या सवयीतूनच नकला आल्या. ह्यातलं काहीच कीथला सांगण्यासारखं नव्हतं. त्यानं एवढंच सांगितलं, "मी मोठ्या शाळेतला नाही."

"नाही? वाटत नाही बोलण्यावरून," कीथ म्हणाला.

*

गुरुवारी ज्यूलियनचा फोन आला. नेहमीसारखाच शांत, नेहमीसारखाच सुबक. झाल्या प्रकाराचं त्याला फार वाईट वाटत होतं. दोन्ही कंपन्यांचे अहवाल एकमेकांशी जुळावेत म्हणून त्यानं एक वाक्य तयार केलं होतं, ते त्यानं वाचून दाखवलं: घड्याळासंबंधीचा इशारा संबंधित तंत्रज्ञाकडून पुरेशा स्पष्टपणे दिला गेला नाही.

"ह्यात तुमच्याकडच्या कोणाचंच नाव येत नाही," ज्यूलियन म्हणाला. "आणि ते खोटंही नाही. तुम्हाला कळलं नव्हतं, हो ना?"

"कळलं नव्हतं," मुकुल म्हणाला.

"मग झालं तर."

मुकुलला पहिल्यांदाच एक गोष्ट जाणवली. वाक्य इतकं नीट बसवलेलं होतं, की ते ऐकताना आपलं डोकं आपोआप हलत होतं. त्यानं विचार करायला वेळ मागून घेतला.

संध्याकाळी घरी आल्यावर त्यानं बायकोला, सुनेत्राला, सगळं सांगितलं. सुनेत्रा पुण्याची, एका फर्ममध्ये अकाउंटंट. त्या दोघांचा पीआरचा, म्हणजे सिंगापूरमध्ये कायम राहण्याच्या परवान्याचा, अर्ज जूनपासून पडून होता आणि उत्तर कधीही येईल अशा दिवसांत ती कोणत्याही नव्या गोष्टीला घाबरायची.

"ज्यूलियनचं वाक्य घाल आणि मोकळा हो," ती म्हणाली. "अहवालात तुझं नाव कशाला हवं? हीच वेळ आहे का?"

"तू एकदा ऐक तरी." त्यानं फोनवर रेकॉर्डिंग लावलं.

कीथचं वाक्य आलं तशी सुनेत्रा म्हणाली, "हा माणूस प्यायलाय का?"

"सकाळचे नऊ वाजलेत तिथे."

"मग असा काय बोलतो?" तिनं पुढचं ऐकलं. ज्यूलियन बोलायला लागला. "हा बघ. हा कसा डॉक्टरसारखा वाटतो."

"हा सेल्समन आहे. आणि तो पहिला आहे ना, त्यानं ती सगळी यंत्रणा लिहिलीये."

सुनेत्रानं फोनकडे बघितलं, मग त्याच्याकडे. ती उठून ओट्याशी गेली, कुकरखालचा गॅस बंद केला आणि तिथूनच म्हणाली, "तरीपण आपलं काय अडलंय? त्याला स्पष्ट बोलता येत नाही ही त्याची चूक नाही का?"

"तो दोनदा बोलला. मी एकदाही सांगितलं नाही की मला कळलं नाही म्हणून." मुकुलनं रेकॉर्डिंग बंद केलं. "आणि अनुयानं प्रश्न लिहून ठेवला होता. मी खोडला. उद्या कोणी जुन्या फायली उघडल्या तर त्यात तिची ओळ निघेल, आणि पाठवलेल्या कॉपीत नसेल. मग सगळे म्हणतील तिनंच गाळली. तिला इथे येऊन वर्ष झालंय."

"तिला माहितीये? तू खोडलीस ते?"

"हो. मी सांगितलं."

सुनेत्रानं ताटं घेतली. भात वाढताना म्हणाली, "लिही मग काय लिहायचं ते. पण माझ्याकडून हो म्हणवून घेऊ नकोस." जेवण होईपर्यंत ती त्याच्याशी नीट बोलली नाही.

शुक्रवारी सकाळी मुकुलनं अहवाल लिहिला. सगळा मिळून दीड पानाचा. त्यातला मधला परिच्छेद असा होता: 'नऊ ऑक्टोबरच्या बैठकीत कीथ यांनी घड्याळं बदलेपर्यंत जुने बॉक्स बंद करू नयेत असं दोनदा सांगितलं. त्यांचे उच्चार मला कळले नाहीत. कळले नाहीत हे मी त्यांना सांगितलं नाही. त्यांचं म्हणणं महत्त्वाचं नसेल असं मी गृहीत धरलं. त्याला त्यांच्या बोलण्याच्या ढंगापलीकडे काही आधार नव्हता. अनुया यांनी मिनिट्समध्ये याबद्दल प्रश्न नोंदवला होता. तो मी पाठवण्यापूर्वी काढून टाकला.'

ऑड्रीनं तो त्याच्यासमोरच वाचला. "इतकं लिहायची गरज आहे का?" तिनं विचारलं. "हे 'बोलण्याच्या ढंगापलीकडे' वगैरे? ह्याचा अर्थ काय होतो माहितीये ना?"

"माहितीये."

"मी पण हसले होते, मुकुल."

"ते मी लिहिलेलं नाही."

ऑड्रीनं अहवाल मिटला आणि वर पाठवून दिला. त्यात तिनं स्वतःचं काही घातलं नाही आणि काही काढलंही नाही.

*

परिणाम व्हायचे ते झाले. मुकुलकडून ते काम काढून घेतलं आणि त्याला जुन्या गिऱ्हाईकांच्या देखभालीवर टाकलं. पगार तोच राहिला, पण बढतीची जी चर्चा चालू होती ती बंद पडली. अनुयाला कोणी काही विचारलं नाही. जेवणानंतर कोणी मुकुलला नक्कल करायला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्यानं काय केलं असतं, ते त्याला स्वतःलाही नक्की माहीत नव्हतं.

ज्यूलियनचा एक छोटा, सभ्य ई-मेल आला आणि पुढच्या महिन्यात त्याच्या जागी दुसरी बाई आली. कीथ होता तिथेच राहिला. फक्त आता त्याचे इशारे गिऱ्हाईकांना थेट, लेखी जायला लागले. मुकुललाही त्यातला पहिला आला. लिहिताना कीथचं इंग्रजी अगदी साधं आणि स्वच्छ होतं; एकही शब्द अडला नाही. शेवटी एक ओळ होती, की अहवाल वाचला, आभार. मार्चमध्ये निवृत्त होतोय, त्याचा ह्याच्याशी संबंध नाही.

डॉक्टर लिमना अभ्यास नव्यानं सुरू करायचा होता. जुन्या एकशे अठरा रुग्णांपैकी नऊ जण वारले होते, बारा जणांनी नाही म्हटलं किंवा ते सापडले नाहीत. सत्त्याण्णव जण पुन्हा रक्त द्यायला तयार झाले. डॉक्टरांनी मुकुलच्या कंपनीला एकच अट घातली. रक्त पुन्हा का द्यायचं, ते प्रत्येकाला कंपनीच्या माणसानं समोर बसून सांगायचं. चिठ्ठी पाठवून चालणार नाही. कोणी जायचं असं ऑड्रीनं विचारलं तेव्हा मुकुल म्हणाला, "मी जातो."

म्हणून जानेवारीतले पाच शनिवार तो चोआ चू कांगमधल्या एका दवाखान्यात बसला. खालच्या मजल्यावर एक टेबल, दोन प्लॅस्टिकच्या खुर्च्या, मागे रक्त घेणारी नर्स. येणारे बहुतेक साठीच्या पुढचे. कोणी चिनी, कोणी मलय, कोणी तमिळ. प्रत्येकाचं इंग्रजी वेगळं, कोणाकोणाचं तर चार शब्दांचंच. पहिल्या शनिवारी मुकुलनं पाठ केलेली तीन वाक्यं म्हटली आणि पहिल्याच आजीबाईंनी शांतपणे सगळं ऐकून घेऊन विचारलं, मी आजारी आहे का? त्यांना वाटलं होतं, रक्तात काही सापडलं म्हणून बोलावलंय. त्यांची समजूत घालायला वीस मिनिटं लागली. दुपारपर्यंत त्यानं ती तीन वाक्यं सोडून दिली.

तिसऱ्या शनिवारी मिस्टर कोह आले. चौऱ्याहत्तर वर्षांचे, पूर्वी बस चालवायचे. त्यांनी मुकुलचं सगळं ऐकलं आणि म्हणाले, "सो माय ब्लड ऑल जियालाट ऑलरेडी, इज इट?"

हा शब्द मुकुलनं सिंगापूरमध्ये शेकडो वेळा ऐकला होता. फूडकोर्टात, लिफ्टमध्ये, ऑफिसात. तो साधारण कुठे वापरतात ते त्याला माहीत होतं, नेमका अर्थ माहीत नव्हता.

"अंकल, जियालाट म्हणजे काय?"

मिस्टर कोहनी त्याच्याकडे पाहिलं. "किती वर्षं झाली तुला इथे?"

"नऊ."

"नऊ!" म्हाताऱ्यानं शेजारी वाट बघत उभ्या असलेल्या बाईकडे बघून मान हलवली. मग हातवारे करत समजावलं. म्हणजे खराब झालं, वाट लागली, आता त्याचं काही होणार नाही.

"हो अंकल," मुकुल म्हणाला. "तुमचं रक्त जियालाट झालं. चूक आमची. तुमची काही चूक नाही, आणि तुम्हाला काही आजारही निघालेला नाही."

"ओके, ओके. कॅन." 'कॅन' म्हणजे चालेल. मिस्टर कोह उठले. दोन पावलं जाऊन परत आले आणि उजवा हात पुढे करून भरभर काहीतरी बोलले, अर्धं इंग्रजीत, अर्धं होक्कियन या चिनी बोलीत.

"अंकल, परत सांगा," मुकुल म्हणाला.

त्यांनी परत सांगितलं.

"अजून एकदा. सावकाश."

म्हाताऱ्यानं उजव्या कोपराच्या आतल्या बाजूला बोट टेकवलं आणि एकेक शब्द सुटा करून सांगितला: ह्या हाताची शीर सापडत नाही, मागच्या वेळी तीन वेळा टोचलं, डाव्या हातातून घ्यायला सांग. मुकुल उठला, आत जाऊन नर्सला ते सांगून आला, आणि पुढच्या माणसाला खुर्ची दिली.